गायलेल्या आवाजावर इफेक्ट लावताना: कोरड्या टेकपासून तयार ट्रॅकपर्यंत

खोलीत गाताना भरदार वाटलेला आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की कोरडा, बारीक आणि वाद्यांपासून तुटलेला वाटतो. जवळपास सगळ्यांनाच असं होतं, त्यात गळ्याचा दोष नसतो. आपण आजवर ऐकत आलेल्या गाण्यांमध्ये आवाजावर बरंच काम झालेलं असतं, आणि ते इतकं बेमालूम असतं की ते झालंय हेच कळत नाही.

मी गाते आणि माझे ट्रॅक मीच मिक्स करते. सुरुवातीला इफेक्टच्या यादीतलं जे नाव आवडेल ते मी आवाजावर लावत असे. पहिलं पूर्ण झालेलं गाणं एका जाणत्या मैत्रिणीला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "दुसऱ्या कडव्याचे शब्द काय आहेत गं?" मी ओतलेल्या रिव्हर्बमध्ये, म्हणजे आवाजामागे रेंगाळणाऱ्या घुमाऱ्यात, शब्द पार विरघळून गेले होते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, आणि या लेखातली प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. इफेक्टला हात लावण्याआधी आवाजात काय खटकतंय ते वहीत एका वाक्यात लिहायचं. "कडव्याच्या शेवटी आवाज बुडतो." "स टोचतो." "आवाज वाद्यांच्या पुढ्यात चिकटवल्यासारखा वाटतो." वाक्य लिहिता आलं तर त्यावरचा इफेक्ट शोधायचा. वाक्य सुचत नसेल तर तिथे काही लावायचं नाही.

काय काय लागेल

• रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे डीएडब्ल्यू. रीपर, गॅरेजबँड, काहीही चालेल. ऑडासिटीतही शिकता येतं, पण पुढे सेन्डची, म्हणजे आवाजाची एक प्रत वेगळ्या ट्रॅककडे पाठवायची पद्धत वापरायची आहे आणि ती रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सोपी जाते.
• कान झाकणारे, वायर असलेले हेडफोन. ब्लूटूथचे हेडफोन रेकॉर्डिंगला वापरू नका. आवाज उशिरा पोहोचतो आणि गाणारा लयीला मागे पडतो.
• सॉफ्टवेअरसोबत आलेले ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणारं), कॉम्प्रेसर, रिव्हर्ब आणि डिले. पहिली काही गाणी यांच्यावरच करा.
• हवीच असतील तर मोफत मिळणारी काही प्लगइन्स, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम: डायनॅमिक ईक्यूसाठी (आवाज उसळला की तेवढ्यापुरता चालणारा ईक्यू) टीडीआर नोव्हा, सूर सुधारायला एमऑटोपिच, लांब रिव्हर्ब-डिलेसाठी व्हॅलहॅला सुपरमॅसिव्ह, आवाजाचा आलेख पाहायला स्पॅन, पातळी मोजायला यूलीन लाउडनेस मीटर.
• ज्याच्याशी तुलना करायची असं एक तयार गाणं. तुमच्या गाण्याच्या जवळच्या जातीचं निवडा, आवडतं असलंच पाहिजे असं नाही.
• वही.

१. रेकॉर्डिंग नीट करा

ही पायरी इफेक्टची नाही, तरी पहिली तीच. इफेक्टने चांगला टेक, म्हणजे एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग, खुलतो. वाईट टेकवर तो आणखी उघडा पडतो.

माइकपासून साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर राहा आणि मध्ये पॉप फिल्टर (जाळीचा पडदा) ठेवा. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो आणि तो थेट माइकवर आदळला की धप्प असा आवाज येतो. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर, त्यामुळे "भरून", "फुलं" अशा शब्दांवर हा प्रकार हमखास होतो. माइक तोंडासमोरून किंचित बाजूला वळवून ठेवला तर तो बराच टळतो. एका दिशेने ऐकणाऱ्या कार्डिऑइड माइकच्या फार जवळ गेलं तर खालचे स्वर फुगतात, हेही लक्षात ठेवा. गाताना पुढे-मागे डुललात तर ओळीओळीला आवाजाचा पोत बदलेल आणि तो नंतर कुठल्याच प्लगइनने एकसारखा होणार नाही.

रेकॉर्डिंग २४ बिटवर करा. सर्वांत मोठी जागा उणे १० ते उणे ६ डीबीपर्यंत (डेसिबल, पातळीचं माप; शून्य ही वरची हद्द) जाईल इतकीच पातळी ठेवा. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, म्हणून मीटर वरपर्यंत चढवायची गरज नाही. एकदा शून्याला धडकून आवाज फाटला की तो परत सांधत नाही.

खोलीचाही विचार करा. मोकळ्या भिंतींवरून परतलेला आवाज टेकमध्ये शिरला की तो काढणं फार अवघड. कपड्यांचं कपाट, गाद्या, जाड पडदे यांच्याजवळ गायलात तर टेक कोरडा येतो आणि आपल्याला तोच हवाय.

सापळा: हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरचा बफर, म्हणजे ते एका वेळी साठवून घेतं तो आवाजाचा तुकडा, कमी करा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद. गाताना कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा. गाताना कानाला थोडा रिव्हर्ब हवा असेल तर हेडफोनपुरता घ्या. रेकॉर्ड होणारा आवाज कोरडाच राहू द्या.

२. टेक जुळवा आणि झाडलोट करा

तीन-चार टेक घ्या आणि ओळीओळीने उत्तम तुकडे जोडून एक टेक तयार करा. निवडताना आधी भाव बघा, मग लय, सूर सगळ्यात शेवटी. सूर थोडाफार सुधारता येतो. भाव सुधारणारं प्लगइन नाही.

ओळींमधली शांतता रिकामी करा आणि प्रत्येक जोडावर छोटा फेड (हळूहळू होणारा चढ-उतार) द्या, नाहीतर टिक् असा आवाज येतो. श्वास मात्र उडवू नका. श्वास नसलेला गायक ऐकणाऱ्याला अस्वस्थ करतो. फार मोठा वाटणारा श्वास ६ ते १० डीबीने खाली आणला की पुरतं.

याच वेळी क्लिपची, म्हणजे ट्रॅकवरच्या प्रत्येक तुकड्याची, पातळी हाताने समजुतीला आणा. फार हळू गायलेली ओळ थोडी वर, किंचाळलेली थोडी खाली. हे कंटाळवाणं काम आहे आणि मी ते कधीच टाळत नाही, कारण पुढे कॉम्प्रेसरला यामुळे अर्धंच काम उरतं.

इथे थांबून कोरड्या टेकची एक प्रत वेगळी जपून ठेवा.

३. सूर सुधारणं, तेही जपून

अँडी हिल्डेब्रँड तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचं विश्लेषण करायचे. तेच गणित आवाजाला लावून त्यांनी घडवलेलं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. तेव्हापासून सूर सुधारण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या आहेत: आपोआप सूर ओढणारी आणि एकेक स्वर हाताने हलवायची. मेलोडाइन हे सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारासाठी ओळखलं जातं.

आपोआप पद्धतीत मुख्य बटण म्हणजे सूर किती वेगाने ओढायचा ते. शून्याजवळ नेलं की यंत्रमानवासारखा आवाज येतो. तो हवा असेल तर खुशाल घ्या. नको असेल तर वेग कमी करा. मी साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांपासून सुरू करते. गाण्याची पट्टी आणि त्यात लागणारे स्वर आधी भरा. सगळे बारा स्वर मोकळे ठेवलेत तर थोडा घसरलेला सूर भलत्याच शेजाऱ्याकडे ओढला जातो.

आपल्या गायकीत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे मींड आणि मुरक्या. स्वरांच्या मधून सरकत जाणं हीच मींडेची जान, आणि यंत्राला ते सरकणं चूक वाटतं. ते तिच्या पायऱ्या करून टाकतं. अशा जागांवर सुधारणा बंद ठेवा.

दुसरी बाब कमी जणांना माहीत असते. तानपुऱ्यावर जुळवून गायलेला शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर बसतो (सेंट म्हणजे की-बोर्डच्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). की-बोर्डचा गंधार ४०० सेंटवर असतो. म्हणजे यंत्र तुमचा नेमका लागलेला गंधार १४ सेंट वर ओढून "बरोबर" करेल आणि तानपुऱ्याशी तो बेसूर होईल. साथीला तानपुरा असेल तर आपोआप सुधारणा बाजूला ठेवा आणि खरोखर घसरलेला एखादा स्वर हाताने हलवा. साथीची वाद्यं ४४० हर्ट्झला (की-बोर्डच्या ए या स्वराचा रूढ आकडा) जुळवलेली नसतील तर प्लगइनमधला संदर्भ आकडाही तसा बदला.

एका ओळीत चार-पाच स्वर हलवावे लागत असतील तर ती ओळ पुन्हा गा. वेळही कमी जातो.

४. ईक्यू: आधी काढा, मग घाला

पहिलं काम खालचा गाळ काढण्याचं. पंख्याची घरघर, टेबलाला लागलेला धक्का, हे सगळं आवाजाच्या खालच्या टोकाच्याही खाली असतं. हाय-पास फिल्टर लावा, तो ठरावीक आकड्याच्या खालचं कापून टाकतो. पुरुषाच्या आवाजाला ७० ते ८० हर्ट्झ, स्त्रीच्या आवाजाला १०० ते १२० हर्ट्झ ही सुरुवात. आवाज पातळ वाटायला लागेपर्यंत वर न्या आणि तिथून थोडे मागे या. खर्जात गाणाऱ्याला हे आकडे आणखी खाली लागतील.

मग वहीतलं वाक्य बघा. ढोबळ नकाशा असा:

• २०० ते ४०० हर्ट्झ: आवाज गढूळ, कांबळ्यातून आल्यासारखा
• ४०० ते ६०० हर्ट्झ: डब्यात गायल्यासारखा
• ८०० ते १२०० हर्ट्झ: नाकातला
• ३ ते ५ किलोहर्ट्झ: शब्दांची स्पष्टता, आणि जास्त झालं की कर्कशपणा
• ५ ते ९ किलोहर्ट्झ: स, श यांची धार
• १० किलोहर्ट्झच्या वर: हवा, मोकळेपणा

गढूळ वाटतोय? ३०० च्या आसपास २-३ डीबी कमी करा. शब्द दबतायत? ४ किलोहर्ट्झला दीड-दोन डीबी वाढवा. कमी करताना अरुंद पट्टा, वाढवताना रुंद पट्टा, असं ढोबळमानाने ठेवा. एखाद्या ठिकाणी ६ डीबीच्या पुढे जावंसं वाटायला लागलं तर दोष माइकच्या जागेत आहे.

नवख्यांना शिकवली जाणारी एक युक्ती म्हणजे अरुंद पट्टा खूप उंच करून फिरवायचा आणि जिथे वाईट ऐकू येईल तिथे कापायचं. मी ती सोडली. एवढा उंच केल्यावर प्रत्येकच जागा वाईट ऐकू येते आणि आपण चांगला आवाज चाळणीसारखा भोकं पाडून ठेवतो. आधी ऐका, अंदाज बांधा, कापून बघा, चुकलं तर परत जोडा.

आणि ईक्यू वाद्यांसोबत ऐकूनच करा. एकटा ऐकला तर सुंदर वाटणारा जाडसर आवाज वाद्यांमध्ये गेला की चिखल होतो.

५. कॉम्प्रेसर: इथे वेळ घालवा

वहीतलं वाक्य: "काही शब्द अंगावर येतात, काही ऐकूच येत नाहीत." पातळीतलं हे अंतर कमी करणं हेच कॉम्प्रेसरचं काम. हाच इफेक्ट सगळ्यात कमी समजतो आणि सगळ्यात जास्त बिघडवला जातो, म्हणून सावकाश बघू.

थ्रेशोल्ड ही रेघ. आवाज तिच्या वर गेला की कॉम्प्रेसर जागा होतो. रेशो सांगतो किती दाबायचं. थ्रेशोल्ड उणे २० डीबी आणि रेशो ४:१ ठेवला, आणि आवाज उणे ८ वर गेला, तर तो रेघेच्या १२ डीबी वर आहे. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३ डीबीच वर राहील. बाहेर येणारा आवाज उणे १७. कॉम्प्रेसरने ९ डीबी दाबले. आवाजासाठी हे जरा जास्तच झालं. मोठ्या जागांवर ३ ते ६ डीबी दाबलं जाईल इतका थ्रेशोल्ड ठेवा आणि रेशो ३:१ पासून सुरू करा.

अटॅक म्हणजे रेघ ओलांडल्यावर किती लवकर दाबायचं. इथे आवाजाचा जीव आहे. अटॅक फार वेगवान, म्हणजे एक-दोन मिलिसेकंद ठेवला तर क, ट, त यांसारख्या व्यंजनांचं टोक बोथट होतं, शब्द मऊ पडतात. १० ते २० मिलिसेकंद ठेवला तर व्यंजन निसटून पुढे येतं आणि मागचा स्वर दाबला जातो. शब्द ठसठशीत होतात. मंद, कुजबुजत्या गाण्याला मऊपणा शोभतो. ठसक्याच्या गाण्याला तो मारक.

रिलीज म्हणजे आवाज रेघेखाली आला की किती वेळात सोडायचं. फार छोटा ठेवला तर आवाज धापा टाकल्यासारखा वर-खाली होतो. फार मोठा ठेवला तर पहिला जोरकस शब्द दाबल्यानंतर पुढची अख्खी ओळ दबलेलीच राहते. ८० ते १५० मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि मीटरची सुई बघा. पुढचा शब्द यायच्या सुमारास ती शून्यावर परतत असेल तर जमलं.

एकाच कॉम्प्रेसरकडून ८-१० डीबी दाबून घेण्यापेक्षा दोन लावा आणि प्रत्येकाला ३-४ डीबी द्या. या जोडीची जुनी रूढ पद्धत १९६०च्या दशकातल्या दोन यंत्रांवरून आली आहे. ११७६ अतिशय चपळ, त्याचा अटॅक मिलिसेकंदाच्याही आत. तो उसळलेली टोकं पकडतो. एलए-२ए प्रकाशाच्या साहाय्याने चालणारा, संथ आणि गुळगुळीत. तो मागून सगळी ओळ सारखी करतो. दोघांच्या नकला प्लगइनमध्ये सर्वत्र मिळतात, पण तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या साध्या कॉम्प्रेसरच्या दोन प्रती लावूनही हे जमतं: पहिला वेगवान आणि वरच्या टोकांपुरता, दुसरा संथ आणि कमी रेशोचा. तरी पहिल्याचा अटॅक अगदी तळाला नेऊ नका, नाहीतर वर म्हटलेला बोथटपणा येतोच.

सगळ्यात मोठा सापळा इथेच. कॉम्प्रेसर लावल्यावर आपण मेक-अप गेनने (दाबलेला आवाज परत वर आणणाऱ्या बटणाने) पातळी वाढवतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं की पातळी कमी असताना आपल्याला खालचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून तोच आवाज नुसता मोठा केला तरी तो भरदार वाटतो आणि आपण त्याचं श्रेय कॉम्प्रेसरला देतो. प्रत्येक इफेक्ट चालू-बंद करून ऐकताना दोन्ही वेळची पातळी सारखी करा. सारख्या पातळीवरही चालू असतानाच बरं वाटलं तरच ठेवा. हा एक नियम पाळायला लागल्यापासून माझ्या ट्रॅकवरचे निम्मे इफेक्ट गळून पडले.

६. स, श, च यांची धार

कॉम्प्रेसरनंतर स टोचायला लागतो, कारण मोठे स्वर दबले आणि स तेवढाच राहिला. यासाठी डी-एसर. तो एका पट्ट्यात आवाज उसळला की तेवढ्यापुरता तोच पट्टा दाबतो.

मराठीत फक्त स आणि श पाहून भागत नाही. "चांदणं"मधला दंत्य च, "झुळूक"मधला झ, शिवाय छ आणि क्ष, या सगळ्यांत तीच सळसळ असते. गाण्यात असे शब्द कुठे आहेत ते शोधून त्या जागा परत परत वाजवा. पुरुषांच्या आवाजात ही धार साधारण ४ ते ७ किलोहर्ट्झमध्ये, स्त्रियांच्या आवाजात ६ ते ९ मध्ये सापडते. ३ ते ५ डीबी दाबलं की थांबा. जास्त झालं की "सांज" ऐकताना गायकाची जीभ जड झाल्यासारखी वाटते.

एखाद-दोनच स टोचत असतील तर डी-एसर नकोच. ती दोन अक्षरं क्लिपमध्ये हाताने खाली आणा.

७. रंग हवा असेल तर

सॅच्युरेशन आवाजात वरचे हार्मोनिक (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच उपस्वर) मिसळतं आणि छोट्या स्पीकरवर आवाज पुढे येतो. वाक्य असेल "फोनवर आवाज हरवतो", तर थोडं लावा. जाणवेपर्यंत वाढवा, मग निम्म्यावर आणा. बाकी गाण्यांना हे लागतही नाही.

८. रिव्हर्ब: आवाजाला जागा द्या

रिव्हर्ब आवाजाच्या ट्रॅकवर थेट लावू नका. वेगळा ट्रॅक करा, त्यावर रिव्हर्ब लावा, त्याचं मिक्स पूर्ण ओलं, म्हणजे १०० टक्के ठेवा आणि मूळ ट्रॅकवरून त्याला सेन्ड द्या. यामुळे कोरडा आवाज शाबूत राहतो, रिव्हर्ब एका फेडरने (पातळीच्या सरकत्या बटणाने) कमी-जास्त होतो आणि रिव्हर्बवर वेगळा ईक्यू लावता येतो. हा शेवटचा फायदा सर्वांत मोठा.

कोणता निवडायचा? रूम म्हणजे छोटी खोली. आवाज जवळचा, बोलका राहतो. हॉल म्हणजे मोठी जागा. संथ, मोकळ्या गाण्याला. प्लेट हा कुठल्याच जागेचा नाही. पोलादाचा मोठा पत्रा कंपित करून तयार होणारा हा ध्वनी १९५७ च्या ईएमटी १४० या यंत्रापासून प्रसिद्ध झाला. त्याची शेपूट दाट आणि चमकदार असते, आणि गाणाऱ्या आवाजाला ती फार शोभते. काय घ्यावं सुचत नसेल तर प्लेट घ्या.

आता तीन गोष्टी जमवा.

प्री-डिले: मूळ आवाज आणि रिव्हर्ब यांच्यामधली फट. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मिलिसेकंदांत जवळपास ७ मीटर. फट ठेवली की व्यंजन स्वच्छ ऐकू येतं आणि मागून जागा उलगडते. २० ते ६० मिलिसेकंद ठेवून बघा. शून्य ठेवलं तर गायक लांब भिंतीला टेकून उभा राहिल्यासारखा वाटतो. माझ्या त्या पहिल्या गाण्यात प्री-डिले शून्य होता.

लांबी: लय द्रुत असेल तर एक-सव्वा सेकंद, संथ असेल तर दोन-अडीच. पुढची ओळ सुरू व्हायच्या आत शेपूट विरली पाहिजे.

गाळणी: रिव्हर्बच्या ट्रॅकवर ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापा. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती आहे. खालचं कापल्याने गढूळपणा जातो, वरचं कापल्याने स रिव्हर्बमध्ये फुसफुसत नाही. पहिल्यांदा ही लावली तेव्हा रिव्हर्ब तेवढाच ठेवूनही शब्द परत आले, आणि मला ती पहिली खरी सुटका वाटली.

किती ठेवायचा? सगळी वाद्यं चालू ठेवून सेन्ड शून्यापासून वाढवा. रिव्हर्ब ऐकू येऊ लागला की किंचित मागे घ्या. मग तो बंद करा. बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटलं तर प्रमाण बरोबर आहे. हे हेडफोनवर आणि स्पीकरवर दोन्हीकडे करा; हेडफोनवर रिव्हर्ब जास्त जाणवतो, म्हणून तिथे कमी ठेवला जातो.

९. डिले: शब्द न बुडवता खोली

बऱ्याचदा रिव्हर्ब वाढवावासा वाटतो तेव्हा खरी गरज डिलेची असते. डिले ठरावीक वेळाने आवाजाची प्रत परत वाजवतो. मधली जागा मोकळी राहते.

वेळ लयीतून काढा. ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा. ९० ची लय असेल तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंद, अर्धी ३३३, पाऊण ५००. पाऊण मात्रेचा डिले तालाच्या मधल्या जागी पडतो, म्हणून तो झुलतो. लय बदलती असेल, किंवा गायक ठेक्याशी खेळत असेल, तर मोजून लावलेला डिले आडवा येतो. तिथे ८० ते १५० मिलिसेकंदांचा एकच प्रतिध्वनी, ज्याला स्लॅपबॅक म्हणतात, तो बघा.

डिलेलाही सेन्डवर ठेवा, वरचं-खालचं कापा आणि डिलेच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावून त्याचं साइडचेन मूळ आवाजाला जोडा, म्हणजे तो मूळ आवाजाच्या पातळीवरून दाबेल. गायक गात असेपर्यंत डिले दबून राहतो आणि ओळ संपली की वर येतो. शब्द अडत नाहीत, ओळींमधली रिकामी जागा भरते.

कधी फक्त एकाच शब्दावर डिले हवा असतो, ओळीच्या शेवटच्या. तेवढ्या शब्दापुरता सेन्ड वर करा आणि लगेच बंद करा.

१०. आवाज दुप्पट करणं

ध्रुवपदात आवाज रुंद हवा असेल तर तीच ओळ खरोखर पुन्हा गा, दोन टेक डाव्या-उजव्या बाजूला ठेवा आणि मुख्य आवाजाच्या बरेच खाली ठेवा. हे श्रम वाचवायला केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये अॅबी रोडला टेपच्या साहाय्याने आपोआप दुहेरी आवाज काढण्याची पद्धत बसवली. आजची डबलर प्लगइन्स तिचीच वंशज. ती वापरलीत तर मिक्स एकदा मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एक करून) ऐका. १५-३० मिलिसेकंदांच्या प्रती मोनोत एकमेकांना कापतात आणि आवाज पोकळ होऊ शकतो. फोनचा एकच स्पीकर चालू असताना नेमकं तेच ऐकू जातं.

या दोन्ही टेकमधले स आणि श्वास काढून टाका, नाहीतर प्रत्येक स तीन वेळा ऐकू येतो.

११. फेडर हाताने चालवा

आता गाणं अगदी हळू आवाजात लावा, जेमतेम ऐकू येईल इतकं, आणि शब्दांचा कागद समोर धरा. जो शब्द कळला नाही त्याखाली रेघ ओढा. मग ऑटोमेशनने (फेडरच्या नोंदवून ठेवलेल्या हालचालींनी) त्या शब्दांना एक-दीड डीबी वर उचला. बहुतेक वेळा ते ओळीचे शेवट असतात, जिथे श्वास संपत आलेला असतो.

तुम्हाला शब्द पाठ आहेत म्हणून ते ऐकू येतात, हेही विसरू नका. गाणं न ऐकलेल्या माणसाला कागद न देता ऐकवा आणि कळलेले शब्द लिहायला सांगा. मैत्रिणीच्या त्या प्रश्नानंतर मी प्रत्येक गाण्याला हे करते.

१२. तपासून बाहेर काढा

तुलनेचं गाणं आपल्या पातळीला आणून शेजारी वाजवा. आवाज वाद्यांच्या किती पुढे आहे, स किती धारदार आहे, ओळ संपल्यावर शेपूट किती लांब आहे, एवढंच बघा.

एक रात्र जाऊ द्या. थकलेला कान वरचे स्वर कमी ऐकतो, आणि आपण ते वाढवत बसतो. सकाळी पहिल्यांदा ऐकताना जे खटकेल ते वहीत लिहा, आणि तेवढंच दुरुस्त करा.

बाहेर काढताना ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. स्पॉटिफाय सामान्यतः सगळी गाणी उणे १४ लुफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे गाणं चिरडून मोठं केलंत तर तिथे ते खाली आणलं जाईल आणि चिरडलेपणा तेवढा उरेल. २४ बिट वेव्ह फाइल काढा. सोबत तीन प्रती आणखी: फक्त वाद्यं, फक्त इफेक्टसहित आवाज आणि दुसऱ्या पायरीनंतर जपून ठेवलेला कोरडा टेक. फाइलच्या नावात गाण्याचं नाव, लय आणि पट्टी लिहा.